निकालाचं वेड आणि वर्गातला हॉब्ज

प्रश्न: ताई, पदवीच्या पहिल्या वर्षाला राज्यशास्त्र घेतलंय. राजकारणाचं मला आधीपासून वेड, निकालाच्या दिवशी तर टीव्हीसमोरून हलत नाही. पण वर्गात प्लेटो, हॉब्ज, लॉक या जुन्या विचारवंतांचंच चाललंय, आत्ता जगात काय होतंय त्यावर सर एक अक्षर बोलत नाहीत. विषय चुकला का माझा? बदलू का?

उत्तर: थांब, घाई नको. निकालाचं वेड आहे ना, मग तिथूनच सुरू करू. ब्रिटनमध्ये २०२४ ला मजूर पक्षाला साधारण ३४ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या ६५० पैकी ४११. त्याआधी २०१५ ला यूकिप नावाच्या पक्षाला जवळपास ३९ लाख मतं आणि जागा फक्त एक, तर स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाखांत ५६! टीव्हीवर ही चर्चा 'लाट होती का नव्हती' इथवर जाऊन संपते. तुझ्या विषयात पुढचा प्रश्न येतो, जागा ठरवायची पद्धतच वेगळी असती तर काय झालं असतं? न्यूझीलंडने १९९३ ला सार्वमत घेऊन ती खरंच बदलली, १९९६ पासून पक्षांना एकूण मतांच्या प्रमाणात जागा मिळायला लागल्या आणि मग निवडणुकीत एकाच पक्षाला स्वतःच्या बळावर बहुमत मिळालं ते थेट २०२० ला. दुव्हर्जे नावाचा फ्रेंच अभ्यासक म्हणायचा की ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला अशी पद्धत असली की हळूहळू दोनच मोठे पक्ष उरतात. बरं, मग कॅनडात तीच पद्धत असून इतके पक्ष कसे टिकले? एक कारण असं की ब्लॉक केबेक्वा हा पक्ष फक्त क्वेबेक प्रांतात लढतो, मतं एकाच भागात गोळा झालेली असली की छोटा पक्षही तरतो. नियम मांडायचा, तो कुठे मोडतो ते शोधायचं, का मोडला ते पटवून द्यायचं, पुढे बराच काळ तुला हेच करायचंय.

आता हॉब्ज. १६४२ ला इंग्लंडमध्ये यादवी पेटली, १६४९ ला राजाचं मुंडकं उडवलं, आणि हा माणूस तेव्हा पॅरिसमध्ये राहून लेव्हायथन हे पुस्तक लिहीत होता, ते छापलं १६५१ ला. म्हणून त्याला बंडापेक्षा कडक सत्ता परवडते. लॉकचा मुख्य राजकीय ग्रंथ बाहेर आला १६८९ ला, राजा जेम्स दुसरा पळून गेल्यावर, आणि त्यात लोकांनी विश्वास टाकलाय तोवरच सरकार, विश्वासघात केला तर लोक ते उलथवू शकतात असं सरळ म्हटलंय. आजही एखादं सरकार आणीबाणी लावताना जे भाषण ठोकतं ते ऐक, त्यात हॉब्ज सापडेल, आणि रस्त्यावर उतरलेल्यांच्या घोषणांत लॉक. लेव्हायथन सगळं वाचायला जाऊ नकोस (जाडजूड आहे आणि जवळजवळ अर्धं धर्मावर आहे), तेरावं प्रकरण वाच, काही पानांचंच आहे. वाचताना एकच प्रश्न धर, राज्यकर्त्याला हटवायचा हक्क कोणाला आणि कधी? नोट्स त्यावरच काढ, नुसता सारांश लिहिलास तर परीक्षेनंतर काहीच उरत नाही.

आणि विषय बदलायचाच असेल तर निदान तुलनात्मक राजकारणाचा, म्हणजे वेगवेगळ्या देशांचं राजकारण ताडून बघण्याचा, पेपर सुरू होऊ दे. तोही कंटाळवाणा वाटला तर खुशाल बदल.

प्रश्न: ताई, गणित नको म्हणून हा विषय घेतला आणि आता संशोधन पद्धतीच्या पेपरात स्टॅटिस्टिक्स निघालं. सुटका नाही का?

उत्तर: नाही गं. पण घाबरण्यासारखंही नाही, सुरुवातीला टक्केवारी, सरासरी आणि आलेख वाचता आला तरी पुष्कळ आहे. श्रीमंत देशांत लोकशाही जास्त दिसते हे लिपसेट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ ला मांडलं. मग सगळे म्हणायला लागले पैसा आला की लोकशाही येते. प्रझेवोर्स्की आणि लिमोंगी या दोन अभ्यासकांनी १९९७ ला आकडे पुन्हा तपासले तर वेगळंच दिसलं, की पैशाने लोकशाही येतेच असं नाही पण एकदा आलेली लोकशाही श्रीमंत देशात जास्त टिकते. या दोन वाक्यांतला फरक आकड्यांशिवाय कळलाच नसता.

प्रश्न: मुलीला राज्यशास्त्रच घ्यायचंय. नातेवाईक विचारतात, पुढारी होणार का? काय उत्तर देऊ?

उत्तर: सांगा, झाली तर झाली! बाकी पत्रकारिता, कायदा, प्रशासन, सामाजिक संस्था, धोरणांवरचं संशोधन, निवडणूक सर्व्हे अशा वाटा आहेत, पण नुसत्या पदवीवर यातलं हातात पडत नाही हेही खरं. त्यामुळे नातेवाइकांचं राहू द्या, तिच्याकडे बघा. ती एखाद्या मुद्द्यावर विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडू शकते का, दोन पानं सलग लिहिते का? लिहीत असेल तर घेऊ द्या, आणि जोडीला अर्थशास्त्र किंवा स्टॅटिस्टिक्सचा एखादा पेपर घ्यायला लावा.