कपाटातली दहा हजार काडतुसं

"मावशी, नमस्कार. आम्ही ह्यूस्टनच्या बाहेर राहतो, दोघांचंही ग्रीन कार्ड झालंय. नवरा बरीच वर्षं ऑफिसातल्या मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जातो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो जपून वागतो. २०१९ मध्ये त्याने पिस्तुलाच्या नऊ एमएमच्या दोन हजार गोळ्या घेतल्या, साधारण २० सेंटला एक. करोनात त्याच गोळीचा भाव तिप्पट-चौपट झाला आणि ही गुंतवणूकच आहे असं त्याच्या डोक्यात बसलं. २०२१ च्या सुरुवातीला ६० सेंटने आणखी आठ हजार घेतल्या. कपाट भरलं म्हणून काही पेट्या धाकट्या दिरांच्या अपार्टमेंटमध्ये ठेवल्यात. भाऊजी नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आहेत. आता बोनसचे १५ हजार डॉलर यातच घालायचे म्हणतोय. दिवाळीनंतर सासू-सासरे सहा महिने राहायला येणार आहेत. सोनं घेतलं असतं तर मी काही बोलले नसते. हे खरंच शहाणपणाचं आहे का?"

तुझा प्रश्न पैशांचा आहे, पण मला आधी तुझ्या दिराच्या अपार्टमेंटबद्दल बोलायचंय. बाकीचं उद्या वाचलंस तरी चालेल, एवढं आजच वाच.

अमेरिकेच्या संघराज्य कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, आणि काडतुसंही बाळगता येत नाहीत. एच-वन-बी, कंपनीच्या बदलीवरचा एल-वन, विद्यार्थ्यांचा एफ-वन, आईवडिलांचा बी-टू, सगळे त्यात आले. बंदूक नाही, नुसत्या गोळ्याच आहेत, हा बचाव चालत नाही. टेक्सासमध्ये बंदुकीचे नियम सैल आहेत हे खरं, पण हा नियम टेक्सासचा नाही, साऱ्या देशाचा आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असा एक ठपका बसला की व्हिसा, ग्रीन कार्डाची रांग, या देशात राहणं, सगळंच धोक्यात येतं. आणि अशा माणसाच्या हाती काडतुसं सोपवणं हा देणाऱ्याचाही गुन्हा होऊ शकतो, म्हणजे तुझा नवराही त्यात ओढला जातो.

वैध शिकारीचा परवाना असणाऱ्यांना कायद्यात सूट आहे. पण भाऊजींकडे तो नसणार, आणि असला तरी वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा. मग तुझ्या नवऱ्याने स्वतः जाऊन पेट्या परत आणाव्यात. भाऊजींच्या गाडीतून नाही, त्यांच्या हातून नाही. मुंबईहून आलेल्या भाच्याला गंमत म्हणून रेंजवर नेऊन पिस्तूल हातात देणं, हेही याच नियमात अडकतं. आपल्यात हे किती सर्रास चालतं ते मला माहीत आहे, म्हणून इतकं ठासून लिहिते. सासू-सासरे यायच्या आधी कपाटाला पक्कं कुलूप हवं आणि किल्ली फक्त तुम्हा दोघांकडे.

आता पैसे.

तुझ्या नवऱ्याच्या म्हणण्यात तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, नवे निर्बंध येणार या भीतीने लोक दुकानांवर तुटून पडले, आणि पॉइंट टू-टूची साधी गोळी पुढची दोन-तीन वर्षं मिळेनाशी झाली. २०२० मध्ये करोना, रस्त्यांवरची अशांतता आणि निवडणूक एकाच वर्षात आली, त्यात बंदुका आणि काडतुसं बनवणारी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली. प्रत्येक गोळीला लागणारा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडाची टोपी, बनवणारे कारखाने देशात मोजकेच आहेत, त्यामुळे माल लगेच वाढवता आला नाही. २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी आली. या काळात ज्यांच्याकडे जुना साठा होता त्यांना तिप्पट भाव मिळू शकत होता.

मिळू शकत होता. पण तुझ्या नवऱ्याने विकलं का? त्याच्या २० सेंटच्या दोन हजार गोळ्या २०२० मध्ये कपाटातच होत्या ना?

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. आमच्याकडे कांद्याची चाळ होती. कांदा चढायला लागला की वडील म्हणायचे, आणखी आठ दिवस थांबू. भाव चढत असताना चाळ उघडायला कुणाचा हात होत नाही, आणि लाल कांद्याची आवक सुरू झाली की लासलगावचा भाव बघता बघता बसतो. काडतुसांचं याहून अवघड आहे. कांद्याचा भाव वाढला म्हणून शेतकरी काही घरी जास्त कांदा खात नाही. काडतुसांचा भाव मात्र भीतीने वाढतो, आणि ज्या दिवशी शेजारी घाबरून चौपट द्यायला तयार असतो त्या दिवशी तुझा नवराही घाबरलेला असतो. त्याला वाटतं, उद्या आपल्यालाच लागेल. म्हणून तो विकत नाही, उलट ६० सेंटने आणखी आठ हजार घेतो. हा दोष त्याच्या एकट्याचा नाही, बहुतेकांचं असंच होतं.

भीती ओसरली की कारखाने चालूच असतात. सोन्याची खाण चार महिन्यांत दुप्पट करता येत नाही, पण पितळ, शिसं आणि बंदुकीची दारू यांची गोळी यंत्रावर हवी तेवढी निघते. रेमिंग्टनचा आर्कान्सामधला काडतुसांचा कारखाना नव्या मालकाने पुन्हा सुरू केला, बाकीच्यांनी पाळ्या वाढवल्या, आणि २०२४ मध्ये नऊ एमएमची गोळी २५ सेंटच्या आसपास आली. आता हिशोब मांड. दोन हजारांचे ४०० आणि आठ हजारांचे ४,८००, असे ५,२०० डॉलर गेले. दुकानाच्या भावाने त्या साऱ्या साठ्याची किंमत अडीच हजार. तेच ४,८०० डॉलर २०२१ च्या सुरुवातीला एस अँड पी ५०० च्या, म्हणजे अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरांच्या, साध्या इंडेक्स फंडात घातले असते, तर २०२४ अखेर लाभांश न धरताही साडेसात हजारांच्या आसपास झाले असते.

आणि ते अडीच हजारसुद्धा दुकानाच्या काउंटरच्या त्या बाजूचे आहेत. या बाजूने विकायला गेलं की अडचणी सुरू होतात. अमेरिकन टपाल काडतुसं घेत नाही, खासगी कुरियरवाल्यांचे सामान्य माणसासाठी नियम फार कडक आहेत. ईबेवर आणि फेसबुक मार्केटप्लेसवर बंदी आहे. दुकानदाराने घेतलीच तर स्वतःचा नफा ठेवूनच घेणार, आणि विकलेली काडतुसं बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. उरतो तो अनोळखी माणूस, पार्किंगमध्ये भेटणारा. त्याच्यावर गुन्हा आहे का, तो अठरा वर्षांचा तरी आहे का, हे तुझ्या नवऱ्याला कसं कळणार? हजार डॉलरसाठी मी माझ्या घरातल्या कुणालाही त्या पार्किंगमध्ये पाठवणार नाही.

कॅलिफोर्नियात असाल तर आणखी कठीण. तिथे २०१९ पासून काडतुसं घेताना पार्श्वभूमी तपासणी आली, विक्री परवानाधारकामार्फतच करायची, आणि जुलै २०२४ पासून संघराज्याच्या ११ टक्के अबकारी करावर राज्याचे आणखी ११ टक्के. हे कायदे न्यायालयातही गेलेत, तेव्हा खरेदीच्या दिवशी चौकशी करा. न्यूयॉर्कमध्येही २०२३ पासून तपासणी आहे. लंडनच्या वाचकांनी तर हा विचारच सोडावा, तिथे परवान्यावरच किती गोळ्या बाळगायच्या ते लिहिलेलं असतं.

मग दहा हजारांचं काय करायचं? वापरा. त्याला रेंज आवडते ना, महिन्याला दोनशे गोळ्या गेल्या तर चार वर्षं आणि दोन महिन्यांत साठा संपतो, आणि तोवर नवीन एकही घ्यायची नाही. जुन्या पेट्या आधी काढायच्या. ह्यूस्टनच्या दमट गॅरेजमध्ये किंवा माळ्यावरच्या उकाड्यात ठेवू नका. घरात, थंड कोरड्या जागी, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत त्या वर्षानुवर्षं नीट राहतात. हजार गोळ्यांचं वजन बारा किलोच्या आसपास भरतं, म्हणजे तुमच्याकडे सव्वाशे किलोच्या जवळपास आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली असतील तर खाली घ्या. घराच्या विम्याचा कागदही काढून बघा. बंदुका आणि त्यासंबंधीच्या वस्तू चोरीला गेल्या तर भरपाईला वेगळी, कमी मर्यादा असते.

बोनसच्या १५ हजारांबद्दल मी हट्टाने सांगेन, एक डॉलरही यात नको. ऑफिस ४०१-के या निवृत्तीच्या खात्यात स्वतःची जी भर घालतं ती तुम्ही पूर्ण घेता का? सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का? मुलं असतील तर त्यांच्या नावाचं शिक्षणासाठीचं ५२९ खातं उघडलंय का? हे झालं आणि तरी पैसे उरले, तर इंडेक्स फंड आहे, आणि तुला हवं असेल तर थोडं सोनंही.

नवऱ्याशी बोलताना मात्र "वेडेपणा" हा शब्द नको. २०२० मध्ये रिकामी दुकानं बघून तो घाबरला होता, आणि घर सांभाळायचं म्हणूनच त्याने हे केलं असणार. त्याला आधी भाऊजींचं सांग. भावाच्या काळजीने तो लगेच उठेल, आणि एकदा पेट्या घरी मोजल्या गेल्या की हिशोबाचं बोलणं सोपं जाईल.

आणखी एक. सासू-सासरे परत जाताना बॅग कमी पडली तर रेंजवर नेत असलेली बॅग त्यांना देऊ नकोस, कितीही झटकलेली असली तरी. अस्तराच्या कोपऱ्यात एक गोळी राहते, ती भारतातल्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसते, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस केस उभी राहते. उच्च न्यायालयांनी अशी काही प्रकरणं रद्द केली आहेत, कारण त्या माणसाला गोळी बॅगेत आहे हे माहीतच नव्हतं. पण तोवर विमान गेलेलं असतं, आणि वकिलाकडे खेटे घालण्यात कित्येक महिने जातात. त्या बॅगेवर मार्करने मोठ्या अक्षरात "रेंज" लिहून टाक आणि ती गाडीच्या डिकीतून घरात येऊच देऊ नकोस.