त्या वहीपुढं तुम्ही "असो" लिहिलंय

पत्र:

ताई, नमस्कार. मी कुपवाड एमआयडीसीत एका मशिन शॉपला प्रॉडक्शन सुपरवायझर आहे, वय ४४. हाताखाली १४ माणसं. त्यातला एक सीएनसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर जॉब लावून देणारा, अकरा वर्षं झाली त्याला, हात म्हणजे सोनं. पण पाच-सहा महिने झाले माणूस पार बदललाय. वेळेत येतो, वेळेत जातो, टार्गेट भरतो आणि वर एक पीस काढत नाही. सकाळच्या मीटिंगला "काही नाही साहेब" एवढंच. चहाला आमच्यात येत नाही. महिन्यातनं दोन सोमवार दांडी ठरलेली. मी इन्सेन्टिव्ह वाढवून दिला, फरक शून्य. मेमो दिला, गप सही करून परत दिला. बाहेरनं मोटिव्हेशनचा स्पीकर आणला तर हा मागं भिंतीला टेकून उभा. बाकीच्या पोरांचं काही नाही, आता मीटिंगला कोण कसली तक्रारसुद्धा काढत नाही, सेक्शन एकदम शांत, हा एकटाच बिघडलाय. आजारी म्हणावा तर गणपतीत मंडळाच्या हलत्या देखाव्याला पहाटे तीन-तीन वाजेपर्यंत वेल्डिंग करत होता. जूनमध्ये कस्टमरचं ऑडिट झालं, जॉब चेंजचा सेटिंग टाइम, म्हणजे मशिनवर एक जॉब काढून दुसरा लावायला लागणारा वेळ, आम्ही सत्तर मिनिटांवरनं तीसवर आणला म्हणून माझा सत्कार झाला, सर्टिफिकेट मिळालं, मालक खूश झाले, आणि नेमकं त्यानंतर हे सुरू. पूर्वी त्याची एक निळी वही कायम मशिनवर असायची, आता तीही घरी नेलीय, असो. मालक म्हणतात काढून टाका. मला वाईट वाटतं. त्याला डिप्रेशन असेल का? का काढूनच टाकू? मी आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही.

— वैतागलेला सुपरवायझर, सांगली

उत्तर:

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दावर अडकले. असो. इन्सेन्टिव्ह, मेमो, स्पीकर, सगळ्याला तुम्ही एकेक वाक्य दिलंत, आणि वही घरी नेली ते मात्र जाता जाता, आणि पुढं असो. मला त्या वहीवरच बोलायचंय, तुमचं बाकीचं पत्र सगळं तिच्यातच आहे.

मला ह्या वह्या माहीत आहेत. आमचे हे मिरज एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथवर होते. वहीला कव्हर मी घालून द्यायचे, प्लास्टिकचं, कारण कूलंटचा हात लागला की कागद फुगतो. जेवणं आवरली की हे ओट्याजवळ स्टूल ओढून बसायचे आणि पेन्सिलीनं लिहायचे, मी भांडी घासत असायचे आणि हे मधेच मोठ्यानं वाचून दाखवायचे, मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. कुठल्या जॉबला कुठलं इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, किती पीस टिकलं, पातळ कास्टिंगला जॉ, म्हणजे जॉब धरणारे जबडे, जास्त आवळले की बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हल होतो तर किती आवळायचे, थंडीत सकाळी मशिन गार असताना पहिल्या पिसांना ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती, किती द्यायचा आणि अकराच्या सुमाराला मशिन तापलं की त्यातला किती काढून घ्यायचा. एका पानावर नुसतंच लिहिलं होतं, "पावसाळ्यात आवाज वेगळा येतो." कशाचा आवाज ते मी विचारलं नाही, आता वाटतं विचारायला पाहिजे होतं.

अशा वहीचा पगार कुठल्याच कारखान्यात मिळत नाही. ती मस्टरवर नसते, टार्गेटमध्ये नसते. माणूस ती स्वतःच्या पैशानं आणतो, स्वतःच्या झोपेतला वेळ काढून लिहितो, आणि सकाळी नेऊन मशिनवर उघडी ठेवतो, की ज्याला लागेल त्यानं बघावं. तुमच्या माणसानं ती अकरा वर्षं उघडी ठेवली आणि जूननंतर घरी नेली.

आता तुमचंच वाक्य बघा. सेटिंग टाइम "आम्ही" आणला आणि सत्कार "माझा" झाला, एकाच दमात लिहिलंय. मी तिथं नव्हते, माझं चुकत असेल तर मला तसं कळवा, मी इथंच सगळ्यांसमोर माफी मागेन. पण जॉब बदलायला लागणारा वेळ केबिनमध्ये बसून कमी होत नाही हो, मशीन चालू असतानाच पुढच्या जॉबचे जॉ काढून तयार ठेवणं, टूल आधी मोजून ट्रॉलीवर ओळीनं लावून ठेवणं, कुठला ऑफसेट लागणार ते आधीच माहीत असणं, ह्यातनं तो कमी होतो, आणि हे माहीत कुणाला असतं? वाचलेली ती चाळीस मिनिटं कुठल्या वहीतनं आली ते तुम्हाला नक्की माहीत आहे, म्हणून तर तुमचा हात तिथं असो लिहून पुढं सरकला.

डिप्रेशनचं म्हणाल तर मी डॉक्टर नाही. घरीसुद्धा तो असाच गप असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर त्याच्या घरच्यांशी नीट बोला, मिरजेत डॉक्टरांची काही कमी नाही, आणि टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. पण पहाटे तीनला मंडपात वेल्डिंगचा चष्मा लावून बसलेला माणूस तुम्ही स्वतः बघितलाय. तिथं त्याला कोण पैसे देत होतं? उत्साह आहे त्याच्याकडं भरपूर, फक्त तुमच्या गेटमधनं आत येताना तो बाहेर ठेवून येतोय. मी सांगलीत कॉलेजला मानसशास्त्र शिकवायचे, तिथं विल्यम कान यांचा १९९० चा अभ्यास असायचा, त्यांनी एका समर कॅम्पमधली आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसातली माणसं बघून मांडलं होतं की माणूस कामात आपला जीव किती ओतायचा ते सारखं आतल्या आत ठरवत असतो, आणि ठरवताना बघतो की ह्या कामाला काही अर्थ आहे का, इथं मन उघडं केलं तर आपल्याला फटका तर बसणार नाही ना, आणि आपल्या अंगात तेवढं त्राण उरलंय का. तुमच्या माणसाच्या अंगात त्राण आहे. त्याला फटका बसलाय.

म्हणून इन्सेन्टिव्हनं काही झालं नाही. उलट त्याला काय वाटलं असेल बघा, साहेबांनी वहीची किंमत लावली. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा एक अभ्यास आहे, तोही १९९० चाच, मी वर्गात दरवर्षी सांगायचे आणि कारखान्यात वडील असलेली पोरं एकदम कान टवकारायची. अमेरिकेतल्या एका कंपनीचे तीन कारखाने, छोटे मशिनचे पार्ट बनवणारे, तुमच्यासारखेच. मोठी ऑर्डर गेली म्हणून दोन कारखान्यांत दहा आठवडे पगार १५ टक्के कापला. एका ठिकाणी मोठ्या साहेबानं सगळ्यांना बसवून दीड तास सांगितलं, का कापतोय ते, वाईट वाटतंय ते, प्रत्येकाच्या प्रश्नाला उत्तर दिलं. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत नुसता निर्णय ऐकवला आणि मोकळे. त्या दहा आठवड्यांत कारखान्यातनं वस्तू चोरीला जाण्याचं प्रमाण दोन्हीकडं वाढलं, पण दुसऱ्या ठिकाणी कितीतरी जास्त. पगार दोन्हीकडं सारखाच कापलेला होता भाऊ. तुमच्या माणसानं तर एक स्क्रूसुद्धा नेला नाही, स्वतःची वही तेवढी नेली, आणि तुम्ही त्याला मेमो दिलात.

आणि ते "सेक्शन एकदम शांत" लिहिलंय ना, ते वाचून मला जास्त काळजी वाटली. एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या होत्या, १९९६ साली ते छापून आलं. त्यांना वाटलेलं चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, पण आकडे उलटेच, चांगल्या टीममध्ये जास्त. मग खोलात गेल्यावर कळलं की तिथल्या नर्स चूक झाली की सांगायच्या, दुसरीकडच्या लपवायच्या. तुमच्याकडच्या तेरा जणांनी जूनचा सत्कार बघितलाय. ते रोज त्या मशिनजवळनं जातात, तिथं वही नाही हे त्यांनाही दिसतं. मीटिंगला आता कोण काही काढत नाही म्हणता, अहो ते काढणं बंद झालंय. उद्या एखाद्या पोराला आवाज वेगळा ऐकू येईल आणि तो मनात म्हणेल, मला काय करायचंय. रिजेक्शन वाढायला लागलं की मग तुम्ही आणखी एक स्पीकर आणाल.

आता एक सांगते, हे मी कुणाला सांगत नाही. आमच्या ह्यांच्या बाबतीत असंच झालं होतं. कारखान्याचं नाव नको. ह्यांनी बनवलेलं एक फिक्श्चर, म्हणजे जॉब धरून ठेवायचं साधन, वरच्या माणसानं आपलं म्हणून दाखवलं, फोटो काढला, ह्यांना फोटोत उभंसुद्धा केलं नाही. ह्यांनी त्या दिवशी वही घरी आणली आणि ट्रंकेत टाकली. त्यानंतर रिटायर होईपर्यंत चार वर्षं भोंगा झाला की पाच मिनिटांत सायकल बाहेर. लोक म्हणायचे आळशी झाला. आणि मी, मानसशास्त्र शिकवणारी बाई, मी त्यांना म्हणाले की पगार वाढवून दिलाय ना, मग कशाला मनाला लावून घेता, सोडा की आता. ते काही बोलले नाहीत. परत त्यांनी मला कधी काही वाचून दाखवलं नाही, ओट्याजवळचं स्टूल तसंच पडून राहिलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, वही अजून ट्रंकेत आहे. तुमच्यावर रागावून लिहितेय असं वाटत असेल तर खरंच रागावलेय, कारण तुमच्या हातात अजून वेळ आहे आणि तुम्ही मला विचारताय काढून टाकू का.

तुम्ही एकच गोष्ट करायची. उद्या सकाळच्या मीटिंगला, त्याच चौदा जणांसमोर, त्याचं नाव घेऊन सांगायचं की सत्तरचं तीस ह्यानं केलं, माझ्या नावावर लागलं, मी त्या वेळी गप्प बसलो, माझं चुकलं. एवढंच बोलायचं, त्याच्या पुढं "पण" लावायचं नाही, "टीमवर्क" म्हणायचं नाही. आणि त्याच दिवशी मालकांना आणि कस्टमरला मेल जायला पाहिजे त्याच्या पूर्ण नावानं, मीटिंगच्या आधी गेला तर फार बरं. मालकांना काय वाटेल, सर्टिफिकेट परत मागतील का, हे मला विचारू नका, मागितलं तर द्या. केबिनमध्ये बोलावून हळूच सॉरी म्हणायचा विचार मनात येईल, तो येऊ देऊ नका, कारण घेतलं ते सगळ्यांसमोर घेतलंत, त्याला कोपऱ्यात नेऊन परत दिलंत तर बाकीच्या तेरा जणांना ते कळणारच नाही. मेमो फाईलमधनं काढून घ्या. सोमवारच्या दांड्यांचा विषय सध्या काढू नका.

आणि लगेच काही होईल असं धरून चालू नका. हरिपूरला माझ्या मामांची हळदीची पेवं होती, जमिनीत खोल, तोंड एवढंसं आणि आत पोट मोठं, हळद भरून तोंड लिंपून टाकलेलं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते, उतरला तो परत वर येत नाही. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, तो विझला तर वर ओढायचा आणि परत थांबायचं. मामा तर काही वेळा सकाळी उघडलेल्या पेवात संध्याकाळपर्यंत कुणाला उतरू द्यायचे नाहीत, गाडीवाले बाहेर खोळंबलेले असायचे, आरडाओरडा करायचे, तरी नाही. सहा महिने तोंड लिंपलेला माणूस तुमच्या एका मीटिंगनं बोलता होणार नाही. कदाचित तो त्या दिवशीही "काही नाही साहेब"च म्हणेल. म्हणू द्या. रोज सकाळी त्याला काय वाटतं ते विचारा, त्यानं काही सांगितलं तर त्याच्यासमोर त्याचं नाव घालून बोर्डावर लिहा, आणि नाहीच बोलला तर पुढच्या माणसाकडं वळा, तोंड वाकडं करू नका.

वही मागायची नाही. त्याचा विषयसुद्धा काढायचा नाही. एखाद्या दिवशी ती परत मशिनवर दिसली, तरी त्यानं स्वतः हातात दिल्याशिवाय तिचं पान उलटू नका.