वाचकांचे प्रश्न : हॉलमध्ये लावायचा स्टिरिओ प्रोजेक्टर

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आजोबांचा टीडीसी स्टिरिओ व्हिव्हिड प्रोजेक्टर (चष्म्यातून थ्रीडी चित्र दाखवणारा) माळ्यावरून काढला. आत ५०० वॅटचे दोन दिवे आहेत. पाटीवर १२० व्होल्ट, ६० सायकल लिहिलंय. सोबत डबाभर जोडचित्रांच्या (डाव्या-उजव्या डोळ्याचं एकेक चित्र असलेल्या) रिअ‍ॅलिस्ट स्लाइड आहेत. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवावा का? हॉल साडेतीन मीटरचा आहे.

उत्तर: १५०० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर दिवे लागतील, पण पंखा दगा देईल. ६० सायकलची इंडक्शन मोटर आपल्या ५० सायकलवर सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि स्वतःही जास्त तापते. हवा कमी पडली की पोलरायझिंग फिल्टर (दोन डोळ्यांची चित्रं वेगळी ठेवणारे) करपतात, उष्णता शोषणारी काच तडकते आणि शेवटी स्लाइडवर बेतते. आजोबांच्या स्लाइड पुन्हा काढता येणार नाहीत, तेव्हा दिवेच बदला.

लॅमिंग्टन रोडवर ३६ व्होल्टचे, ४० वॅटच्या आसपासचे दोन सीओबी एलईडी (एकाच पट्टीवर अनेक बारीक चिप बसवलेले) मिळतील. दोन्ही एकाच लॉटचे घ्या, नाहीतर एका डोळ्याला चित्र पिवळट दिसेल. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर हवा. त्यावरचा उजेड देणारा पिवळा गोल १२ ते १५ मिमीचाच बघा. फ्लडलाइटमधला मोठा सीओबी झगझगीत दिसतो, पण त्याचा बराचसा उजेड लेन्सबाहेर सांडतो. दोन्ही सिरीजमध्ये जोडून सुमारे १.१ अँपिअरच्या एकाच कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवर (करंट कायम ठेवणाऱ्या पुरवठ्यावर) चालवा, म्हणजे दोघांना सारखाच करंट मिळेल. ड्रायव्हर आयसोलेटेड (मेन्सपासून विलग) असावा, आणि धातूच्या बॉडीला तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग द्याच. प्रत्येक सीओबीला पंख्याचा हीटसिंक लागेल. मागचा आरसा काढला तरी चालेल.

सीओबीचा पृष्ठभाग जुन्या फिलामेंटच्या जागी यायला हवा. स्लाइड न घालता लेन्सच्या मागच्या काचेला ट्रेसिंग पेपर टेकवून बघा: पिवळ्या गोलाची प्रतिमा बरोबर मध्ये पडली की स्क्रूने पक्कं करा. ती एका बाजूला सरकलेली असेल तर पडद्याची एक कड अंधारी राहते.

पाच इंची फोकल लेंग्थच्या लेन्सने तीन मीटरवर चित्र जेमतेम अर्धा मीटर रुंद पडतं, कारण रिअ‍ॅलिस्टची चौकट सुमारे २१ मिमीची. ८५ मिमीची जोडी बसवली तर ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाईल. पण जोडी मॅच केलेलीच हवी. दोन लेन्सच्या फोकल लेंग्थमध्ये थोडासा फरक असला तरी कडेच्या वस्तू एकमेकींवर बसत नाहीत आणि डोकं धरतं.

कोडाक्रोम (कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म) अंधारात वर्षानुवर्षं टिकते, उजेडात मात्र लवकर फिकी पडते. एक स्लाइड मिनिटभराहून जास्त ठेवू नका.

प्रश्न (वाशी): भिंतीवर दोन दोन चित्रं दिसतात. चष्मा मल्टिप्लेक्समधून आणलेला आहे.

उत्तर: दोन्ही गोष्टी नडताहेत. तिथले बहुतेक चष्मे वर्तुळाकार पोलरायझेशनचे असतात. तुमच्या प्रोजेक्टरला ४५ आणि १३५ अंशांचा लिनिअर चष्मा लागतो. शिवाय पांढरी भिंत पोलरायझेशन मोडते, धातूचा पृष्ठभाग ते टिकवतो.

१२ मिमीच्या प्लायवर प्रायमर मारा, घासून गुळगुळीत करा आणि अ‍ॅल्युमिनियम पेंटचे दोन-तीन पातळ हात स्प्रेने द्या. ब्रश नको, त्याच्या रेघा चित्रात उतरतात. मग फक्त डावी लेन्स उघडी ठेवून उजव्या काचेतून पडद्याकडे बघा: तो जवळजवळ काळा दिसला पाहिजे. पडदा शक्यतो समोरून बघा, कडेला बसणाऱ्याला चित्र मंद दिसेल.

आणि चित्रातलं जवळ-लांबचं अंतर उलटं वाटलं, म्हणजे जवळचं माणूस डोंगराच्या मागे दिसलं, तर डावं-उजवं उलटं झालंय.

प्रश्न (ऐरोली): पावसाळ्यात स्लाइडवर जाळं धरलंय. पाण्याने पुसू?

उत्तर: पाणी अजिबात नको. बुरशीने जिलेटिन विरघळण्याजोगं झालेलं असतं, चित्र हाताला येईल. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन एकाच दिशेने अलगद फिरवा. माउंटच्या काचा वेगळ्या धुऊन पूर्ण वाळवा. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि दाण्यांचा रंग बदलला की ते भाजून पुन्हा वापरा.