पावसाळी पायवाटांसाठी कोणतं जीपीएस?

प्रश्न : पन्हाळा ते पावनखिंड वाटेवरच्या पायवाटा आणि पाणवठे नोंदवून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर टाकायचे आहेत. आम्ही दरवर्षी जुलैतच जातो. मोबाइल पुरेल, की वेगळं जीपीएस घ्यावं? दुबईचा भाऊ गार्मिनचं इनरीच आणतो म्हणतोय.
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : भावाला आजच फोन करून नको म्हणा. इनरीच उपग्रहामार्फत संदेश पाठवतं, आणि असलं यंत्र परवान्याशिवाय आपल्याकडे बाळगता येत नाही. सामानात ते सापडल्यामुळे विमानतळावर प्रवासी अडकले आहेत. साधं जीपीएस नुसते सिग्नल घेतं, त्याला ही अडचण नाही.

हिवाळ्यात जाणार असता तर मोबाइलच वापरा म्हटलं असतं. पण जुलैत मसाई पठारावर पाऊस आडवा येतो. ओल्या काचेवर बोट चालत नाही, मग फोन पिशवीत जातो आणि झऱ्याची नोंद राहून जाते. शिवाय बॅटरी वाचवायला फोन मागे चालू असलेलं अ‍ॅप परस्पर बंद करतो. पांढरपाणीला पोहोचल्यावर कळतं की निम्मी वाट नोंदलीच गेली नाही. म्हणून माझं मत ठाम आहे : बटणांचं यंत्र घ्या, टचस्क्रीनचं नको. आणि त्यात भिंतीवरच्या घड्याळाला लागतात तसले दोन पेन्सिल सेल बसले पाहिजेत. ते वाडीवरच्या दुकानातही मिळतात.

गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स तुम्हाला पुरेसं आहे. ३२एक्समध्ये हवेच्या दाबावरून उंची मोजायची सोय आणि होकायंत्र जास्तीचं मिळतं. पायवाटा नोंदायला त्यावाचून अडत नाही. पैसे जास्त घालायचेच असतील तर थेट जीपीएसमॅप ६५ घ्या. खिंडीत सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोहोचतो, यंत्राला उपग्रह आहे त्यापेक्षा लांब वाटतो आणि नकाशावर वाट ओढ्याच्या पलीकडे सरकते. ६५ दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकतं, त्यामुळे गर्द झाडीत आणि अरुंद खिंडीत ही चूक बरीच कमी होते.

यंत्र कुठलंही घ्या, निघण्यापूर्वी सेटिंग बघा. ‘लॉक ऑन रोड’ बंद ठेवा, नाहीतर यंत्र तुम्हाला जवळच्या डांबरी रस्त्यावर नेऊन चिकटवतं आणि जी पायवाट नोंदवायला गेलात तीच हरवते. नोंद ‘ऑटो’वर न ठेवता दर सेकंदाला करा. २२एक्सच्या एका ट्रॅकमध्ये, म्हणजे चाललेल्या वाटेच्या नोंदीत, १०,००० बिंदू मावतात, म्हणजे या वेगाने पावणेतीन तासांत तो भरतो. भरला की आपोआप साठवला जाईल, असं आधीच लावून ठेवा. रिचार्जेबल सेल वापरणार असाल तर मेनूत सेलचा प्रकारही बदला, नाहीतर बॅटरीची पट्टी खोटं सांगते.

पाणवठ्यापाशी लगेच बटण दाबून पुढे पळू नका. ‘वेपॉइंट अ‍ॅव्हरेजिंग’ (त्याच जागेच्या अनेक मोजमापांची सरासरी) लावून दोन-तीन मिनिटं तिथेच थांबा. तेवढ्यात वाडीतल्या कुणाला तरी विचारा, हे पाणी उन्हाळ्यात असतं का. जुलैत प्रत्येक ओहोळ वाहतो. तो नुसता पाणी म्हणून नकाशावर गेला, तर एप्रिलमध्ये येणारा त्याच्या भरवशावर बाटली संपवून बसेल. हंगामी असेल तर नकाशावर तसा टॅग, म्हणजे माहितीची चिठ्ठी, जरूर लावा.

जुनं यंत्र स्वस्तात मिळालं तर घ्यायला हरकत नाही. फक्त मागचं झाकण उघडून सेलच्या स्प्रिंगवर गंज नाही ना, आणि यूएसबीवरचं रबरी टोपण घट्ट बसतं ना, एवढं बघून घ्या.