व्हिएतनाम एवढी बी ओढतोय, मग आमचा दर का पडतो?

प्रश्न : नमस्कार ताई, सावंतवाडीजवळ आमचं काजू फोडायचं छोटं युनिट आहे आणि घरची शंभरेक काजूकलमं, वेंगुर्ला चार आणि सात या जातींची. पुतण्याने मोबाईलवर ग्राफ दाखवला, भारत आणि व्हिएतनाम दरवर्षी कच्ची बी किती आयात करतात त्याचा. व्हिएतनामची रेष माडावर चढल्यासारखी वर गेलीय, आपली मात्र नुसती खालीवर. बी न्यायला येतो तो व्यापारी म्हणतो, व्हिएतनाममुळेच तुमचा दर पडला. खरं काय?

उत्तर : दादा, व्यापारी उलटं सांगतोय. दोघांचंही घरच्या बीवर भागत नाही, म्हणून आपण आणि ते, दोघंही आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानियाच्या दारात उभे, त्यांना शेजारचा कंबोडिया आणखी जवळ. एकाच बाजारात दुसरं मोठं गिऱ्हाईक आलं तर माल महाग होतो, स्वस्त कसा होईल? तुमच्या बीला दाबते ती आपल्याच बंदरात उतरलेली आफ्रिकेची बी. म्हणजे बघायची तर भारताची रेष बघा.

आणि ती नुसती खालीवर नाहीये. 2015-16 ला आपली आयात साडेनऊ लाख टनांच्या घरात होती, 2016 च्या बजेटात कच्च्या बीवर 5 टक्के ड्युटी बसली, 2017-18 ला आकडा साडेसहा लाखांवर आला, 2018 ला ड्युटी अडीच टक्के केली आणि पुढच्या वर्षी परत आठ लाखांच्या वर. सगळं ड्युटीमुळेच झालं असं नाही हां, त्या मधल्या काळात जगातच बी महागली होती. व्हिएतनामचं म्हणाल तर 2021 ला 28 लाख टनांच्या आसपास आणि लगेच 2022 ला 19 लाखांच्या आसपास, म्हणजे त्यांचा गडीपण माडावरून घसरतो. एका वर्षावर बोलू नये, तीन वर्षांची सरासरी काढावी.

अजून एक गोची आहे. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. काजूत हे फार नडतं कारण टांझानियाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, माल जहाजातून पोचेपर्यंत जानेवारी उजाडते, तीच बी आपल्याकडे चालू वर्षात आणि त्यांच्याकडे पुढच्या वर्षात मोजली जाते. म्हणून पुतण्याला सांगा, महिनावार आकडे घे आणि दोन्ही देशांचं वर्ष एकसारखं कर.

बी आणि गर एकत्र नाही ना केलेत, हेही बघा. आमच्या खळ्यात आजी बी वाळवायची, फोडताना तेलाने बोटं काळी व्हायची ती आठवडाभर जायची नाहीत, आणि चार किलो बी फोडून जेमतेम किलोभर गर डब्यात पडायचा. टनाला टन लावला की हा चौपटीचा हिशोब चुकतो. कस्टमचे कोडच वेगळे आहेत, टरफलासकटची बी 080131, सोललेला गर 080132.

व्हिएतनामचा खरा त्रास असेल तर तो या दुसऱ्या कोडात. गराच्या निर्यातीत ते 2006 पासून आपल्या पुढे आहेत, त्यांची बहुतेक बी गर होऊन बाहेर जाते, आपला बराचसा गर आपणच खातो, दिवाळीला तर विचारूच नका. त्यांचा स्वस्त गर इथे आला तर तुमच्या युनिटला झळ बसणारच, म्हणून तर सरकारने जून 2019 मध्ये आयात होणाऱ्या अख्ख्या गराला किलोमागे किमान 720 रुपये भाव ठरवला. थोडक्यात बागायतदार म्हणून तुम्ही पहिला कोड बघायचा, युनिटवाले म्हणून दुसरा, आणि तुम्ही दोन्ही आहात ही तुमची पंचाईत.

भारताची 080131 ची महिनावार आयात एका कागदावर लिहून काढा, शेजारी त्या त्या एप्रिल-मेमध्ये तुम्हाला हातात मिळालेला दर. दर लिहिलेली जुनी वही टाकली नसेल ना?