कलम १७ शोधायला गेलो आणि वेठबिगारी घेऊन आलो (उत्तर लांबलंय, आधीच सॉरी)

तुमची पोस्ट वाचली आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. तुमचा एमएचा लघुप्रबंध, विषय भारतीय संविधानाची ऐतिहासिक मुळं, आणि गाईडने पहिलं प्रकरण "ही यादी झाली, मुळं कुठायत?" म्हणून परत केलं. माझ्या प्रकरणावर पण लाल पेनने जवळपास हेच होतं, फक्त अक्षर वाचायला मला दोन दिवस लागले.

१७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट, १८५८, १९०९, १९१९ ही ब्रिटिश काळातल्या कायद्यांची सनावळी तुम्हाला पाठ असणारच, ती सोडतो. सरळ तुमच्या त्या तक्त्यावर येतो, संविधानात कुठली गोष्ट कोणत्या देशाकडून घेतली त्याच्या. मूलभूत हक्क अमेरिका, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंड, समवर्ती सूची (केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात अशा विषयांची यादी) ऑस्ट्रेलिया, आणीबाणी जर्मनी... स्पर्धा परीक्षेला ठीक आहे हो, पण प्रबंधात हा तक्ता टाकला की विचार करणंच बंद होतं (माझं झालं होतं). एकदा १९३५ चा भारत सरकार कायदा (ब्रिटिशांनी केलेला) स्वतः उघडा. ३२१ कलमं आहेत, सगळी वाचू नका, फक्त शेवटी सातवी अनुसूची बघा. संघीय, प्रांतिक, समवर्ती अशा तीन याद्या तिथे तयार आहेत. आपल्या संविधानात पण तीनच याद्या आणि अनुसूचीचा नंबरसुद्धा सातच. मग समवर्ती सूचीपुढे नुसतं ऑस्ट्रेलिया लिहून कसं चालेल?

तसंच त्या कायद्यातलं कलम ९३ आणि आपलं ३५६ (राष्ट्रपती राजवटीचं) शेजारी ठेवून वाचा. "या कायद्यातल्या तरतुदींनुसार प्रांताचा कारभार चालवता येत नाही" अशी परिस्थिती, हे जुनं वाक्य. आपल्याकडे कायद्याच्या जागी संविधान आणि प्रांताच्या जागी राज्य आलं, बाकी सांगाडा तोच. आणि ९३ नुसतं कागदावर नव्हतं, १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर मुंबई प्रांतात त्याखालीच गव्हर्नरचा कारभार चालला. म्हणजे घटना समितीतल्या कितीतरी जणांनी ते स्वतः भोगलेलं होतं, तरी ठेवलं. का ठेवलं, हा खरा प्रश्न आणि तो तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४९ च्या चर्चेत ही कलमं वापरायची वेळच येऊ नये, ती कागदावरच राहावीत अशी आशा व्यक्त केली होती, पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत, असो.

आता माझा घोळ. तक्ता सोडून मी ठरवलं की एकच कलम घ्यायचं आणि मागे मागे जायचं, कलम १७, अस्पृश्यता. ठरवलं ते बरोबरच होतं. मग घटना समितीच्या चर्चेचे खंड घेतले, "कलम १७" शोधलं, सापडलं, ३ डिसेंबर १९४८, वाचलं, भराभर टिपा काढल्या, आठ पानं लिहिली. चर्चा होती वेठबिगारी आणि माणसांच्या खरेदी-विक्रीवर! पण वेठबिगार म्हटलं की जातीचा विषय येतोच, त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही, उलट वाटलं वा, काय व्यापक दृष्टी होती या लोकांची. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे विचारलं, "हे मसुद्यातलं १७ की अंतिम १७?" मला प्रश्नच कळला नाही.

तर, चर्चेतले नंबर मसुद्याचे असतात. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ३१५ कलमं होती, अंतिम संविधानात ३९५. बहुतेक नंबर सरकले. अस्पृश्यता मसुद्यात ११ होतं, ते २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर झालं. मसुद्यातलं १७ आज २३ आहे. आजचं २१ तेव्हा १५, ३२ तेव्हा २५, ३५६ तेव्हा २७८. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, बहुतेक सगळ्यांना वाटतं हे माहीत असणारच. माझे सहा महिने गेले.

त्यातले दोन एका कार्यालयात गेले, नाव घेत नाही, अजून कधी काम पडलं तर काय घ्या. मला मुंबई कौन्सिलचं (तेव्हाचं प्रांतिक कायदेमंडळ) १९२३ चं कामकाज बघायचं होतं, सीताराम केशव बोले यांचा ठराव, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. पहिल्या खेपेला विभागप्रमुखांचं पत्र नाही म्हणून परत. दुसऱ्या खेपेला पत्र आहे पण गोल शिक्का नाही, चौकोनी आहे. तिसऱ्या खेपेला शिक्का गोल, तर खंड बाइंडिंगला गेलेला. कधी येईल? "आला की येईल." शेवटी तो खंड मला एका कॉलेजच्या जुन्या लायब्ररीत मिळाला, ग्रंथपाल बाईंनी स्वतः स्टुलावर चढून काढून दिला. म्हणून आधी जुन्या कॉलेजांच्या लायब्रऱ्या पालथ्या घाला, सरकारी दप्तर सगळ्यात शेवटी. (माझा अनुभव एवढाच, तुम्हाला देवमाणूस भेटूही शकतो.)

पण त्या ठरावासाठी एवढी पायपीट करण्यात अर्थ होता. १९२३ ला ठराव, १९२४ ला महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, प्रत्यक्षात पाण्याला हात लावू देईना कोणी, मग २० मार्च १९२७ चा बाबासाहेबांचा सत्याग्रह, मग कोर्टकचेरी, हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ठराव असून पाणी मिळत नाही हे बघितलेला माणूस पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष होतो आणि संविधानात नुसतं "अस्पृश्यता नष्ट" एवढ्यावर थांबत नाहीत, तिच्या नावाखाली कोणावर बंधनं लादणं हा कायद्याने शिक्षेस पात्र गुन्हा असंही त्याच कलमात येतं. त्या दुसऱ्या वाक्याचं मूळ मला तरी महाडमध्ये दिसतं. माझं मत आहे, गाईडला पटेलच असं नाही, मी वकील नाही आणि प्राध्यापकही झालो नाही.

संविधानात इतरांकडून उसनं घेतलंय असं म्हणून कोणी टोकलं तर ४ नोव्हेंबर १९४८ चं बाबासाहेबांचं भाषण वाचा, राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचं पेटंट नसतं हे ते तिथेच सांगतात. आणि १८९५ च्या स्वराज बिलावर (भारतासाठी राज्यघटनेचा एक जुना मसुदा) लिहिणार असाल तर लेखक म्हणून टिळकांचं नाव ठोकून देऊ नका, ते पक्कं नाही.

टिपा काढताना पान नंबरासोबत तारीख लिहाच, आवृत्ती बदलली की पानं बदलतात. मसुदा आणि अंतिम नंबरांची मी हाताने केलेली वही अजून आहे, मूलभूत हक्कांपुरतीच. हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फोटो काढून पाठवतो.