प्रून व्हिप : फेस का बसतो, पाणी का सुटते?

प्रश्न : आम्ही ओहायो राज्यात राहतो. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाईंनी त्यांच्या आईच्या हस्ताक्षरातील ‘प्रून व्हिप’ची कृती मला दिली आहे. प्रून म्हणजे वाळवलेला प्लम; त्याचा गर अंड्याच्या फेसात मिसळून भाजायचा हा गोड पदार्थ. पाव किलोपेक्षा थोडे कमी प्रून्स, पाच अंड्यांचा पांढरा भाग, साखर, लिंबाचा रस आणि ‘स्लो ओव्हन, वीस मिनिटे’ एवढेच त्यात आहे. मी दोनदा करून पाहिले. पहिल्यांदा फेस बसला आणि तळाशी तपकिरी पाणी साचले, म्हणून दुसऱ्यांदा जास्त वेळ भाजले, तर तो रबरासारखा झाला. बाईंना हा पदार्थ एकदा तरी नीट करून द्यावा, अशी फार इच्छा आहे. कुठे चुकते?

उत्तर : तुमच्याजवळची कृती अस्सल आहे. पाकशास्त्राच्या अमेरिकी शिक्षिका फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये बोस्टन कुकिंग स्कूलच्या पाकपुस्तकात दिलेले प्रमाण जवळपास असेच आहे: एक तृतीयांश पौंड, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम प्रून्स, पाच अंड्यांचा पांढरा भाग, अर्धा कप साखर आणि अर्धा मोठा चमचा लिंबाचा रस. तुमच्या कार्डावरील प्रून्स याहून जास्त असतील, तर पहिल्या वेळी १५० ग्रॅमच घ्यावेत, कारण गर जड झाला की फेसाला तो पेलत नाही.

चूक बहुधा गराच्या दाटपणात आहे. जुन्या कृतींत प्रून्स कित्येक तास भिजवून, त्याच पाण्यात मऊ शिजवून, बिया काढून चाळणीवर घासायला सांगितलेले असते, कारण त्या काळचे प्रून्स कडक वाळलेले असत. आज पाकिटातून मिळणारे बिनबियांचे प्रून्स मुळातच ओलसर आणि मऊ असल्यामुळे तितके पाणी घातले, की गर पातळ होतो आणि ते जादा पाणी पुढे भाजताना तळाशी उतरते. मऊ प्रून्स जेमतेम बुडतील एवढ्याच पाण्यात दहा-पंधरा मिनिटे शिजवावेत, पुरणयंत्रातून काढावेत, आणि साखर घालून मंद आचेवर पाच मिनिटे आटवावेत. फार्मरबाईंनी मार्मलेडसारखा दाटपणा सांगितला आहे; आपल्याला पुरणाची परीक्षा ठाऊक आहे, त्यामुळे मी असे सांगेन की गर पुरणाहून थोडा सैल असावा, पण उलथने ओढल्यावर भांड्याचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. यानंतर तो पूर्ण गार होऊ द्यावा, कारण गरम गर फेसात घातला तर फेस तिथेच बसू लागतो.

आता फेसाविषयी. पांढरा भाग फेटताना त्यातील प्रथिने उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती एकमेकांना धरून पातळ पडदे तयार करतात. बलकाचा एखादा थेंब किंवा भांड्याला लागलेला तेलकटपणा या पडद्यांना कमकुवत करतो, म्हणून प्लास्टिकऐवजी काचेचे किंवा स्टीलचे कोरडे भांडे घ्यावे. लिंबाच्या रसातील आम्लामुळे फेस अधिक टिकाऊ होतो. तो रस सगळा गरातच न घालता थोडा फेटण्याच्या सुरुवातीला घालावा, असे मी सुचवेन. फेटणी उचलल्यावर टोक उभे राहून जेमतेम झुकले, की थांबावे. त्यापुढे फेटत राहिलात तर फेस कोरडा आणि ठिसूळ होऊन पाणी सोडतो. पहिल्या प्रयत्नात हे दोन्ही दोष एकत्र आले असावेत. नंतर फेसाचा एक छोटा भाग गरात घालून तो सैल करून घ्यावा आणि मगच ते मिश्रण उरलेल्या फेसात खालून वर उलटवत हलक्या हाताने मिसळावे, ढवळू नये.

‘स्लो ओव्हन’ म्हणजे साधारण १५० अंश सेल्सिअस, तुमच्या ओव्हनवर ३०० फॅरनहाइट. लोणी लावलेले भांडे दुसऱ्या मोठ्या ट्रेमधील गरम पाण्यात, अर्ध्या उंचीपर्यंत बुडेल असे ठेवावे. पाण्यामुळे कडा मध्याआधी करपत नाहीत आणि प्रथिने सावकाश घट्ट होतात. तुमच्या दुसऱ्या प्रयत्नात झाले ते याच्या उलट: जास्त उष्णतेने प्रथिने इतकी आवळली गेली की त्यांनी धरलेले पाणी बाहेर पिळून टाकले. उथळ भांड्याला वीस मिनिटे पुरतात, खोल भांड्याला तीसपर्यंत लागू शकतात. बाई वयस्कर आहेत, त्यामुळे मधोमध थर्मामीटर घालून ७१ अंश सेल्सिअस झाल्याची खात्री करावी. अंड्यातील साल्मोनेला जंतूंचा धोका तिथे टळतो. ओव्हनमधून काढल्यावर व्हिप थोडा खाली बसेलच. तो दोष नव्हे, हे बाई तुम्हाला स्वतःच सांगतील.

उरलेले पाच बलक टाकू नका, कारण या पदार्थाचे खरे सौंदर्य मला त्यातच दिसते. अर्धा लिटर दूध, पाच बलक, पाव कप साखर आणि चिमूटभर मीठ मंद आचेवर सतत ढवळून चमच्याला लेप धरेपर्यंत शिजवले, की व्हिपबरोबर वाढायचे पातळ कस्टर्ड होते. ते ८० अंशांच्या वर गेले तर फुटते, म्हणून त्याच्या जुन्या नावात ‘बॉइल्ड’ असले तरी उकळी येऊ देऊ नये. पांढऱ्या भागाचा फेस, बलकाचे कस्टर्ड, मूठभर सुके फळ, आणि वाया काहीच नाही. वर फेटलेल्या क्रीमचा डोंगर करण्याची पद्धत पुढे रूढ झाली, पण त्याखाली प्रूनची आंबटगोड चव दबून जाते.

प्रश्न : हा पदार्थ अमेरिकेत एवढा घरोघरी का पोहोचला?

उत्तर : दोन गोष्टी एकत्र आल्या. १८५६ मध्ये पेलिए बंधूंनी फ्रान्समधील आझाँ भागातील प्रूनची कलमे कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे आणली आणि पुढे सांता क्लारा खोऱ्यात त्यांच्या मोठ्या बागा झाल्या. ताजे फळ न मिळणाऱ्या हिवाळ्यात हे स्वस्त सुके फळ देशभर उपलब्ध झाले. दुसरी गोष्ट म्हणजे हाताने फिरवायची चाकाची फेटणी, जिचे पेटंट टर्नर विल्यम्स यांनी १८७० मध्ये घेतले. काट्याने पाच अंड्यांचा फेस काढताना मनगट दुखून येत असे. ते काम काही मिनिटांचे झाले. मंदीच्या काळात प्रूनला काटकसरीचे प्रतीकच मानले गेले: मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये मुद्दाम वाढवलेल्या साडेसात सेंटच्या जेवणात टोमॅटो सॉसमधील अंड्यांबरोबर प्रून पुडिंगही होते.

प्रश्न : मुंबईत सुक्यामेव्याच्या दुकानात आलुबुखार मिळते. तेच वापरले तर चालेल का?

उत्तर : आलुबुखारही वाळवलेला प्लमच आहे, पण तो लहान आणि बराच आंबट असतो. वापरायचाच असेल तर लिंबू वगळावे आणि साखर चवीनुसार वाढवावी. रंग आणि सुवास मात्र निराळा येईल. पाकिटावर ‘प्रून्स’ असे लिहिलेले मिळत असेल तर तेच घ्यावेत. जर्दाळूचा व्हिपही अमेरिकेत याच कृतीने होत असे, आणि जर्दाळूचा गर मुळात दाट असल्याने नवशिक्यांना तो सोपा जातो.

प्रश्न : आमच्या घरी अंडे चालत नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : भाजायचा नसेल तर आहे. काबुली चणे मिठाशिवाय शिजवून त्यांचे पाणी अंड्याच्या पांढऱ्या भागाइतके दाट होईपर्यंत आटवून गार करावे. त्याचा पांढराशुभ्र फेस येतो, हे फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. एका पांढऱ्या भागाऐवजी हे आटवलेले पाणी दोन मोठे चमचे घ्यावे, बाकी कृती वरच्यासारखीच, आणि लगेच वाट्यांत भरून थंड करावे. हा फेस ओव्हनमध्ये घालू नये, कारण अंड्यातील प्रथिनांप्रमाणे तो उष्णतेने घट्ट बसत नाही. फेटलेले क्रीमही चालते, मात्र त्यात किमान ३० टक्के स्निग्धांश हवा; २५ टक्क्यांचे क्रीम नीट फुलत नाही. एका वाचकाने चक्क्यात प्रूनचा गर मिसळण्याविषयी विचारले आहे. ते चवीला उत्तम लागेल, पण तेव्हा त्याला फळांचे श्रीखंड म्हणावे, कारण त्यात व्हिपचा हलकेपणा उरत नाही.

प्रश्न : पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी करून ठेवता येईल का?

उत्तर : गर आणि कस्टर्ड आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये झाकून ठेवावेत. फेस मात्र त्याच दिवशी फेटावा, भाजलेला व्हिप गार झाला की दोन-तीन तासांत वाढावा, आणि कस्टर्ड वाढताना बाजूने ओतावे. वरून ओतले तर हलका फेस त्याच्या वजनाने दबतो.